बुडबुडा न धरणारी जेल-कॅपिलरी

सकाळी जेल भरलेली कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच्या यंत्रात चढवली, दोन्ही टोकं बफरमध्ये बुडवली, व्होल्टेज दिलं. करंट ९ मायक्रोअँपिअरवर छान स्थिरावला. चहा पिऊन परत आले तोवर तो शून्यावर. कॅपिलरी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर नमुना आत घेण्याच्या टोकापासून १७ सेंटिमीटरवर काळ्या कडेची, शितासारखी लांबट पोकळी. करंटची वाट तिथेच तुटली होती. अशा सकाळी मी कितीतरी पाहिल्या आणि बराच काळ दोष व्होल्टेजला देत राहिले. व्होल्टेज कमी केलं, बफर पातळ केला, पंखा लावला. पोकळी यायची ती यायचीच. मग एकदा सेट झालेली कॅपिलरी व्होल्टेज न देता नुसतीच तासभर निरखली आणि उलगडा झाला. फट आधीपासूनच होती, केसासारखी बारीक. व्होल्टेजने ती फक्त मोठी केली.

जेल-कॅपिलरी टिकते की नाही हे बहुतेक वेळा ती सेट होतानाच ठरतं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

ॲक्रिलामाइडचे सुटे रेणू साखळीत गुंफले गेले की आधीपेक्षा कमी जागा व्यापतात. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ओतलेल्या सपाट जेलमध्ये हे आकुंचन कोणाच्या लक्षातही येत नाही. वरची पातळी किंचित खाली जाते, इतकंच. कॅपिलरीचं गणित वेगळं आहे. ७५ मायक्रोमीटर पोकळीच्या ४० सेंटिमीटर लांब कॅपिलरीत सगळं मिळून जेमतेम १.८ मायक्रोलिटर द्रावण मावतं. समजा त्याचं आकुंचन फक्त अर्धा टक्का झालं. व्यास तर काचेने बांधलेला, म्हणजे हे आकुंचन लांबीतच भरून निघायला हवं, आणि ते येतं २ मिलिमीटर. दोन्ही टोकं आधी घट्ट झाली, जेल भिंतीलाही चिकटली, तर मधल्या भागाने हे २ मिलिमीटर आणायचे कुठून? तो ताणला जातो. जिथे एखादा धूळकण असेल किंवा हवा विरघळलेली असेल तिथे तो फाटतो. फाटला नाही तरी ताणलेल्या अवस्थेत राहतो आणि पहिल्या उष्णतेला, पहिल्या धक्क्याला तुटतो.

यावर मुख्य उपाय: सेट होत असताना जेलला बाहेरून द्रावण ओढून घेता आलं पाहिजे.

जेल हवीच का?

कामाला लागण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या प्रयोगशाळेत डीएनए वाचणारं जेनेटिक ॲनलायझर असेल तर त्याच्या कॅपिलरीत पक्की जेल नसते. दर वेळी दाबाने भरता येणारं, साखळ्या एकमेकींना न जोडलेलं दाट पॉलिमर असतं. १९९५ मध्ये आलेल्या एबीआय ३१० पासून हा प्रकार रूढ झाला, आणि मानवी जनुकसंचाच्या वाचनात वापरलेली ९६ कॅपिलरींची यंत्रंही अशाच बदलता येणाऱ्या पॉलिमरवर चालली. बुडबुडा आला तर ढकलून द्यायचा आणि नवं भरायचं. प्रतिपिंडांची शुद्धता तपासणाऱ्या औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांतही एसडीएस लावलेली प्रथिनं अशाच द्रवरूप चाळणीतून नेतात. तुमचं काम यात भागत असेल तर तोच मार्ग धरा. पक्की जेल भरण्यात आठवडे घालवू नका.

मग पक्की जेल कोणाला हवी? लहान ऑलिगोन्यूक्लिओटाइडमधला एकेका बेसचा फरक घरी बांधलेल्या यंत्रावर स्वच्छ पाहायचा आहे त्यांना. दाट पॉलिमर ढकलण्याइतका दाब देणारं यंत्र ज्यांच्याकडे नाही त्यांना. आणि चाळणीच्या छिद्राचा आकार स्वतःच्या हातात ठेवायचा आहे त्यांना. कॅपिलरीत पॉलिॲक्रिलामाइड भरून रेणू वेगळे करण्याचा पाया स्वीडनमधल्या उप्सालाच्या स्टेलान येर्टेन यांनी १९८३ मध्ये घातला. त्याच्या दोन वर्षं आधी जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी अमेरिकेत ७५ मायक्रोमीटरच्या कॅपिलरीची ताकद दाखवून दिली होती. पुढे १९८८ मध्ये बॉस्टनच्या बॅरी कार्गर यांच्या गटाने जेल भरलेल्या कॅपिलरीतून ऑलिगोन्यूक्लिओटाइड वेगळे केले. त्या आलेखातले सुईसारखे टोकदार पीक पाहून जगभरच्या लोकांनी घरच्या घरी जेल भरायला घेतल्या. मी खाली देते ती कृतीही त्याच कामासाठी आहे: युरिया असलेली, ५ टक्के ॲक्रिलामाइडची, एकपदरी डीएनएच्या लहान तुकड्यांसाठीची जेल.

कॅपिलरीची तयारी

बाहेरून तपकिरी पॉलिइमाइड असलेली फ्युज्ड सिलिकाची कॅपिलरी घ्या. पोकळी ७५ मायक्रोमीटर, बाहेरचा व्यास ३६० ते ३७५. पोकळी ५० घेतली तर उष्णता लवकर बाहेर पडते, पण डिटेक्टरला प्रकाशाची वाट अपुरी पडते. १०० घेतली तर भरायला सोपी, पण तापते. सुरुवात ७५ ने करा.

लागते त्यापेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त लांब तुकडा कापा. ४० हवी असेल तर ६५ भरा. हे नासाडीसारखं वाटेल, पण सेट झालेल्या कॅपिलरीत टोकांचा भाग नेहमी सर्वात वाईट असतो आणि मधला सलग निर्दोष तुकडा निवडून कापण्याची सोय याच एका गोष्टीमुळे मिळते. नवशिक्यांनी मोजून ४० सेंटिमीटर भरण्याचा काटकसरी हट्ट धरू नये.

डिटेक्टरची खिडकी पहिल्यांदा करा. ३ मिलिमीटर भागावरचं पॉलिइमाइड लहान ज्योतीने जाळून, मेथनॉलच्या ओल्या टिश्यूने पुसून काढा. सायलेनचा थर दिल्यावर ज्योत लावली तर तो थर जळतो, आणि जेल भरल्यावर लावली तर जेलच उकळते. खिडकीचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. तिथे कॅपिलरी वाकू देऊ नका. पुढे कापताना खिडकी योग्य अंतरावर यायला हवी, म्हणून ती नेमकी कुठे करायची ते आधी कागदावर आखून घ्या.

मग आतून धुणं. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास, पाणी, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड दहा मिनिटं, पुन्हा पाणी, शेवटी मेथनॉल. नंतर कोरडा नायट्रोजन सोडत १०० ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवा. अल्कलीने भिंतीवरचे सिलॅनॉल गट मोकळे होतात आणि सायलेन त्यांनाच धरतो. हा टप्पा घाईत उरकला तर पुढे जेल भिंतीवरून सरकते.

भिंतीला धरून ठेवणं का हवं? सिलिकाच्या भिंतीवर ऋण भार असतो, त्यामुळे व्होल्टेज दिल्यावर आतलं द्रावण ऋण टोकाकडे वाहू पाहतं. डीएनए उलट दिशेने, धन टोकाकडे जातो. भिंत उघडी राहिली तर हा प्रवाह जेललाच ढकलायला लागतो. मी एकदा अख्खी जेल ऋण टोकातून शेवयीसारखी बाहेर आलेली पाहिली आहे. म्हणून भिंतीवर ॲक्रिलामाइडशी जोडला जाणारा सायलेन चढवायचा. याला बाजारात बाइंड-सायलेन म्हणतात. त्याचं पूर्ण नाव ३-मेथाक्रिलॉक्सिप्रोपिल-ट्रायमेथॉक्सिसायलेन. १९८५ मध्ये येर्टेन यांनी दिलेली कृती आजही सर्वात सोपी आहे: २० मिली पाण्याचा पीएच ॲसेटिक ॲसिडने ३.५ वर आणा, त्यात ८० मायक्रोलिटर सायलेन टाका आणि तेलकट थेंब दिसेनासे होईपर्यंत ढवळा. हे द्रावण कॅपिलरीत भरून तासभर ठेवा, मग पाण्याने धुऊन नायट्रोजनने वाळवा. सायलेन हाताळणं फ्यूम हूडमध्येच.

इथे एक वाद आहे आणि मला त्यात बाजू घ्यावीशी वाटते. पूर्ण लांबीभर जेल भिंतीला बांधली की ती सरकत नाही हे खरं, पण आकुंचनाच्या वेळी तिला हलताही येत नाही. दुसरा मार्ग असा: भिंतीवर आधी जोडण्या नसलेल्या पॉलिॲक्रिलामाइडचा पातळ थर द्यायचा, म्हणजे प्रवाह थांबतो, आणि जेल फक्त नमुन्याच्या टोकाकडच्या काही सेंटिमीटरमध्ये बांधायची. बाकीची जेल भिंतीलगत मोकळी राहते आणि आकुंचन पावताना सरकू शकते. हे काम नाजूक आहे, थर सगळीकडे सारखा बसायला हवा. नव्याने शिकणाऱ्याने पूर्ण बांधलेल्या जेलपासून सुरुवात करावी आणि सेट करण्याच्या पद्धतीवर लक्ष द्यावं. टक्केवारी ६-७ च्या वर नेणार असाल तर मात्र दुसऱ्या मार्गाला पर्याय नाही असं माझं मत आहे, कारण ॲक्रिलामाइड जितकं जास्त तितकं आकुंचनही जास्त.

द्रावण

१० मिलीसाठी: ४.२ ग्रॅम युरिया, दहापट टीबीई बफर १ मिली, ४० टक्के ॲक्रिलामाइड-बिस साठा १.२५ मिली (२९ ला १ प्रमाणाचा). ४ मिली पाण्यापासून सुरुवात करा, सगळं विरघळल्यावर पाण्याने १० मिली करा. यातून ५ टक्के एकूण मोनोमर आणि त्याच्या ३.३ टक्के बिस असलेली, ७ मोलर युरियाची जेल मिळते. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, फ्लास्क हातालाही गार लागतो. तो कोमट पाण्यात धरा, पण तापवू नका. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं.

युरिया शक्य तितका शुद्ध घ्या. तो थोडा जुना असेल तर द्रावण मिश्र आयन-रेझिनबरोबर अर्धा तास ढवळून गाळून घ्या. हे टीबीई घालण्याआधी करायचं, नाहीतर रेझिन बफरही खाऊन टाकतं. शेवटी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचंच. एका धूळकणाचा आकार या कॅपिलरीत काय होतो याची कल्पना करा: १० मायक्रोमीटरचा कण म्हणजे पोकळीच्या सातव्या भागाएवढा, आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते.

ॲक्रिलामाइड सेट होण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं आणि त्वचेतून आत शिरतं. हातमोजे घालाच. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीतच सेट होऊ द्या आणि मग टाका.

आता हवा काढणं. विरघळलेला ऑक्सिजन दोन प्रकारे नडतो: पॉलिमर होण्याची साखळी मध्येच तोडतो आणि फट पडायला बीज पुरवतो. गाळलेलं द्रावण व्हॅक्यूमखाली अल्ट्रासॉनिक बाथमध्ये २० ते ३० मिनिटं ठेवा. सुरुवातीला बुडबुड्यांचा फेस येईल, मग मोठे बुडबुडे, मग काहीच नाही. काहीच न येण्याची दहा मिनिटं पूर्ण झाल्यावर काढा. बाथ तापत नाही ना, बघत राहा. हेलियम उपलब्ध असेल तर शेवटी पाच मिनिटं हळू सोडा.

सुरू करणारी रसायनं सगळ्यात शेवटी. १० टक्के अमोनियम परसल्फेट, म्हणजे आपल्या बोलीतलं एपीएस, त्याच दिवशी बनवा. चांगल्या एपीएसवर पाणी टाकलं की बारीक चरचर ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर डबी बदला. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावं लागतं, कारण एपीएस ओलावा ओढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकण-मुंबईच्या हवेत उघडी राहिलेली डबी हळूहळू निकामी होत जाते. ती शोषकाच्या पुडीसह डेसिकेटरमध्ये ठेवा. टेमेडही पिवळं पडलेलं वापरू नका.

५ मिली द्रावणाला एपीएस २० मायक्रोलिटर आणि टेमेड २ मायक्रोलिटर, यापासून सुरुवात करा. सपाट जेलला घालतो त्याहून हे मुद्दाम कमी आहे. याचा अंतिम आकडा तुमच्या खोलीच्या तापमानाने ठरतो. पुण्याच्या डिसेंबरमध्ये बसलेलं प्रमाण नागपूरच्या मे महिन्यात कॅपिलरी पूर्ण भरायच्या आतच घट्ट होऊ शकतं. म्हणून कॅपिलरीला हात लावण्याआधी एकदा लहान बाटलीत चाचणी घ्या. खोलीच्या तापमानाला ४५ ते ६० मिनिटांनी घट्ट व्हायला लागली तर प्रमाण बरोबर. वीस मिनिटांत झाली तर टेमेड निम्मं करा. दोन तासांतही झाली नाही तर आधी हवा नीट काढली का ते पाहा, एपीएस वाढवणं नंतर.

भरणं आणि सेट होणं

सिरिंज, टेफ्लॉनची नळी आणि कॅपिलरी यांची जोडणी घट्ट हवी. जोडणीतून हवा आत आली तर वरची सगळी मेहनत वाया. वायुमंडळाएवढ्या दाबाने ६५ सेंटिमीटरची कॅपिलरी मिनिटाभरात भरते. तेवढ्यावर थांबू नका. पाच-सहा मिनिटं ढकलत राहा, म्हणजे कॅपिलरीच्या काही पट द्रावण आतून जाईल आणि भिंतीलगत उरलेली हवा वाहून निघेल. दुसऱ्या टोकाला बनणारे थेंब बघा. थेंबात एकही बारीक बुडबुडा दिसत नाही असे दहा थेंब पडले की पुरे.

आता मुख्य काम. कॅपिलरी सरळ, आडवी ठेवा. एक टोक, डिटेक्टरकडचं, रबरी सेप्टममध्ये खुपसून बंद करा. दुसरं टोक, नमुन्याकडचं, त्याच मोनोमर द्रावणाने भरलेल्या लहान बाटलीत बुडवलेलं ठेवा. ही बाटली आणि तिच्याजवळचा कॅपिलरीचा भाग १० ते १२ अंशांच्या थंड पाण्यात ठेवायचा. बाकीची कॅपिलरी खोलीच्या तापमानात. याने जेल बंद टोकाकडून सेट व्हायला लागते आणि आकुंचनाने पडणारी जागा दुसरीकडून, अजून द्रव असलेल्या बाटलीतून भरून येते. दर अर्ध्या तासाने थंड पाण्यातला भाग काही सेंटिमीटर बाहेर काढा. बाटलीतलं द्रावण सगळ्यात शेवटी घट्ट झालं पाहिजे. कॅपिलरीच्या आधी बाटली घट्ट झाली तर रसद तुटली असं समजा, ती कॅपिलरी बाजूला ठेवा.

बाटली बर्फात का नाही ठेवायची? ७ मोलर युरिया शून्य अंशाच्या जवळ स्फटिक धरण्याच्या काठावर असतो. ८ मोलर घेतला असेल तर तो नक्कीच धरतो, आणि कॅपिलरीत एक स्फटिक पुरतो. युरियाशिवायच्या जेलला बर्फ चालतो.

दाबाखाली सेट करण्याचीही पद्धत आहे. द्रावण आधीच दाबलेलं असलं की आकुंचनाची बरीच भरपाई दाबातूनच होते. एपीएस-टेमेड न वापरता गॅमा किरणांनी सेट केलेल्या कॅपिलरीही १९९० च्या सुमारास लोकांनी करून पाहिल्या. आपल्याकडच्या सामान्य प्रयोगशाळेला एका टोकाकडून हळूहळू सेट करणंच जमण्यासारखं आहे.

सेट होऊन कडक झाली असं वाटलं तरी रात्रभर हलवू नका. पॉलिमर होणं पहिल्या दोन तासांत संपत नाही, शेवटचे मोनोमर सावकाश जोडले जातात आणि तेव्हाही थोडं आकुंचन होतं. रात्रभर दोन्ही टोकं ओली राहतील याची काळजी घ्या. उघडं टोक वाळलं तर जेल आतल्या आत माघार घेते.

पाहणी

इथे घाई करू नका, मी तर म्हणेन की सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. कॅपिलरी काचपट्टीवर ठेवून तिच्यावर ग्लिसरॉलचा थेंब टाका. गोल काचेची चमक त्याने बरीच कमी होते. खालून प्रकाश, ४० ते १०० पट मोठं करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. पॉलिइमाइड तपकिरी असलं तरी आरपार दिसतं. चांगली जेल दिसतच नाही, नुसत्या पाण्याने भरलेली कॅपिलरी असल्यासारखी वाटते. काळ्या कडेचा गोल म्हणजे हवेचा बुडबुडा. टोकदार, डोळ्याच्या आकाराची पोकळी म्हणजे आकुंचनाने फाटलेली जागा. भिंतीलगत धावणारी चंदेरी रेघ म्हणजे जेल भिंतीपासून सुटली आहे, सायलेनचा थर कच्चा राहिला. दिसलेली प्रत्येक खूण पॉलिइमाइडवर बारीक शाईने टिपा, अंतर वहीत लिहा. मग सलग ४० सेंटिमीटर निर्दोष भाग निवडा आणि खिडकी योग्य जागी येईल असे दोन काप घ्या. सिरॅमिकच्या पात्याने एकच हलकी रेघ ओढायची आणि दोन्हीकडे सरळ ताणायचं. वाकवून तोडलं तर टोक तिरकं तुटतं.

पहिला करंट

दोन्ही बाटल्यांत टीबीई बफर ठेवा आणि त्यातही ७ मोलर युरिया घाला. साध्या बफरमध्ये टोकं बुडवली तर युरिया जेलमधून बाहेर झिरपत जातो. सुरुवात दर सेंटिमीटरला १०० व्होल्टने, म्हणजे ४० सेंटिमीटरला ४ किलोव्होल्टने करा. करंट सुरुवातीला खाली येतो, कारण एपीएसचे उरलेले आयन बाहेर पडत असतात. तो दहा मिनिटं स्थिर राहिला की २००, मग ३००. या चढत्या पायऱ्यांना तास-दीड तास द्या. थेट ३०० वर टाकलेल्या नव्या कॅपिलरीचं आयुष्य मी तरी कधी लांब पाहिलेलं नाही. काम संपल्यावर व्होल्टेज एकदम बंद न करता तसंच टप्प्याटप्प्याने उतरवा. गरम जेल फुगलेली असते, झटकन गार झाली की पुन्हा तोच आकुंचनाचा प्रश्न उभा राहतो. यंत्राच्या पेटीचं झाकण उघडताच व्होल्टेज बंद होईल अशी सोय नसेल तर ती आधी करून घ्या, कारण १२ किलोव्होल्टशी खेळ नाही.

नमुना दाबाने आत जात नाही, जेल अडवते. तो व्होल्टेजनेच घ्यायचा, दोन-चार किलोव्होल्टने काही सेकंद. नमुन्यात मीठ असेल तर आत जाताना क्षारांचे आयन डीएनएच्या आधी जागा पटकावतात आणि पीक लहान येतात. म्हणून नमुना मीठ काढून, निव्वळ पाण्यात द्या. नमुन्यात अभिक्रियेतला लांब साचा-डीएनए शिल्लक असेल तर तो टोकाशी अडकून बसतो आणि जेलचं तोंड बंद होतं.

बिघाड कुठला, हे पोकळीच्या जागेवरून ओळखता येतं. मधल्या भागात आली असेल तर दोष सेट होण्याचा. नमुन्याच्या टोकापासून पहिल्या काही मिलिमीटरमध्ये असेल तर कारण वेगळं आहे. जेलच्या आतली आणि बाहेरच्या बफरमधली आयनांची चाल सारखी नसते, त्यामुळे त्या सीमेजवळ हळूहळू आयनांचा तुटवडा पडतो. तिथला रोध वाढतो, व्होल्टेजचा मोठा वाटा तिथेच पडतो, तो भाग तापतो. यात करंट एकदम तुटत नाही, दर फेरीला थोडा थोडा घसरतो. उपाय सोपा आहे: टोकाचे ३ ते ५ मिलिमीटर कापून टाका, बफर ताजा घाला, पुन्हा सावकाश चढवा. कापल्यामुळे लांबी कमी होते, म्हणून व्होल्टेज त्या हिशेबाने कमी करायचं. खिडकीच्या जागी पोकळी आली असेल तर ज्योतीने त्या जागी काचेला इजा झाली आहे का ते पाहा. पुढच्या खेपेला ज्योत कमी वेळ धरा.

बफरचा पीएच ८.३ च्या आसपास ठेवा. ९ च्या वर गेलात की सायलेनचा भिंतीशी असलेला ऑक्सिजनचा दुवा हळूहळू तुटायला लागतो आणि महिनाभर चांगली चाललेली कॅपिलरी अचानक सरकायला लागते.

साठवताना दोन्ही टोकं युरियाच्या बफरने भरलेल्या लहान बाटल्यांत, सेप्टमच्या झाकणातून खुपसून ठेवा. युरियाची जेल फ्रीजमध्ये ठेवू नका, १५ ते २० अंशांचा एखादा कोपरा शोधा. रोज वापर नसेल तरी आठवड्यातून एकदा बफर बदला आणि दर सेंटिमीटरला १०० व्होल्टने अर्धा तास चालवा. करंट वहीत तारखेसह लिहीत जा. त्याच बफरला, त्याच व्होल्टेजला पहिल्या दिवशी ९ मायक्रोअँपिअर देणारी कॅपिलरी टोक कापूनही ६ च्या वर येत नसेल, तर पुढच्या सोमवारच्या कामासाठी नवी कॅपिलरी शुक्रवारी संध्याकाळीच भरायला घ्या.